मुलांचे अरबी आणि दीनियात (धर्माची मूलभूत माहिती) शिक्षण ऑनलाइन सुरू करताना : खानदेशातील पालकांसाठी मार्गदर्शन

मार्च २०२०च्या टाळेबंदीत मशिदींतील मकतब (मुलांचे धार्मिक शिक्षणाचे वर्ग) बंद झाले आणि लहान मुलांचे अरबी वाचन मोबाइलवर आले. पुढे मकतब पुन्हा भरू लागले, तरी खानदेशातील बऱ्याच घरांत ऑनलाइन वर्ग चालूच राहिले, कारण त्यांची गरज टाळेबंदीपुरती नव्हती. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील कुटुंबांच्या बदल्या होत असतात. शहादा-तळोदा भागातील एखाद्या गावात मुस्लिम घरे इतकी थोडी असतात की तेथे वेगळा मौलाना ठेवणे परवडत नाही. यावल, रावेर आणि चोपडा तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या तडवी (मुस्लिम भिल्ल) कुटुंबांतील अनेक मुले मराठी शाळेत शिकतात, त्यामुळे उर्दूतून चाललेला मकतबचा पाठ त्यांच्या डोक्यावरून जातो. माझ्या मुलांना याच मार्गाने कायदा (अरबी अक्षरओळखीचे पुस्तक) आणि नाजिरा (कुरआन पाहून वाचणे) शिकवताना जे समजले, ते नव्याने सुरुवात करणाऱ्या आईवडिलांसाठी येथे क्रमाने मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. कुरआनचे वाचन तोंडातून कानात आणि कानातून तोंडात जाते. उस्ताद वाचतात, मूल ऐकते, मग मूल वाचते आणि उस्ताद ऐकतात. ज्या ऑनलाइन व्यवस्थेत मुलाचे वाचन रोज कोणी जाणकार माणूस ऐकत नाही, ती व्यवस्था कितीही आकर्षक असली, तरी तिला शिक्षण म्हणता येणार नाही. पुढची प्रत्येक पायरी याच कसोटीवर तपासावी.

१. ऑनलाइन वर्गाची खरोखर गरज आहे का, ते पाहा

घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर चांगला मकतब असेल, तर मुलाला तेथेच पाठवावे असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे ते इतर मुलांबरोबर बसते, वजू (नमाजपूर्वी हात-तोंड-पाय धुणे) करायला आणि सफमध्ये (नमाजच्या रांगेत) उभे राहायला पाहून शिकते, मोठ्यांना सलाम करते. पडद्यावर हे मिळत नाही. मकतब दूर असेल, शाळेची वेळ आणि मकतबची वेळ एकमेकींवर येत असेल, मुलांची संख्या एवढी जास्त असेल की प्रत्येकाचा सबक (रोजचा पाठ) रोज ऐकला जात नसेल, मुलीसाठी आपा (शिक्षिका) हवी असूनही गावात ती उपलब्ध नसेल, किंवा मुलाला उर्दू समजत नसेल, तर ऑनलाइन वर्ग उपयोगी पडतो.

दोन्हींची सांगड घालणेही शक्य आहे. उच्चार आणि नाजिरा ऑनलाइन कारी साहेबांकडे (कुरआन शुद्ध उच्चारात वाचणाऱ्यांकडे), तर नमाज, दुआ आणि अदब गावातील मशिदीत, अशी विभागणी अनेक घरांत उत्तम चालते. मात्र दोन्हीकडे नाजिऱ्याचे वेगवेगळे सबक चालू ठेवू नयेत. एका ठिकाणी अम्मा पारा (कुरआनच्या तीस भागांपैकी शेवटचा) आणि दुसऱ्या ठिकाणी पहिला पारा सुरू असेल, तर मुलाचा एकही सबक पक्का होत नाही.

२. वयाप्रमाणे काय शिकवायचे ते ठरवा

आपल्याकडे चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे मूल झाले की त्याची बिस्मिल्लाह करण्याची जुनी प्रथा आहे. तिचा आनंद अवश्य घ्यावा, पण त्याच दिवसापासून मुलाला रोज पडद्यासमोर बसवण्याची घाई करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, आणि जितका कमी तितका चांगला. केंद्र सरकारच्या २०२०च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पूर्वप्राथमिक मुलांसाठी ऑनलाइन वर्गाची मर्यादा दिवसाला तीस मिनिटे ठेवली होती. त्या सूचना शाळांसाठी असल्या, तरी अरबीच्या वर्गालाही तोच हिशेब लावावा.

चार-पाच वर्षांच्या मुलासाठी दहा ते पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. या वयात पहिला कलमा, जेवणापूर्वीची आणि झोपण्यापूर्वीची दुआ, तसेच ऐकून पाठ होणाऱ्या इख्लास आणि कौसर यांसारख्या लहान सूरा एवढेच घ्यावे. अक्षरे दाखवायला हरकत नाही, परंतु ती ओळखलीच पाहिजेत असा आग्रह धरू नये.

सहाव्या-सातव्या वर्षी कायदा नीट सुरू करावा. आपल्या भागात बहुतेक ठिकाणी नूरानी कायदा वापरतात. त्यात सुटी अक्षरे, जोडाक्षरे, जबर-जेर-पेश या स्वरखुणा, मग तन्वीन, मद, जज्म आणि तश्दीद या उच्चारखुणा अशा क्रमाने मूल पुढे जाते. सातव्या वर्षापासून मुलांना नमाजची ताकीद करावी असे हदीसमध्ये आले असल्याने सूरा फातिहा आणि नमाजमधील अजकार (म्हणायची स्मरणवाक्ये) याच काळात पक्के करावेत. आठव्या-नवव्या वर्षापर्यंत कायदा पूर्ण झाला की तिसावा, म्हणजे अम्मा पारा घ्यावा. त्यात ७८ ते ११४ क्रमांकांच्या ३७ सूरा आहेत. पाठांतर शेवटून, म्हणजे नास, फलक, इख्लास असे करत मागे जाण्याची आपल्याकडची पद्धत मुलांना सोपी पडते.

हिफ्ज, म्हणजे संपूर्ण कुरआन पाठ करणे, हा वेगळा विषय आहे. त्यात रोज नवा सबक, अलीकडच्या दिवसांची सबकी आणि मागच्या पाऱ्यांची मंजिल अशा तीन गोष्टी ऐकवाव्या लागतात. अर्ध्या तासाच्या ऑनलाइन वर्गात हे बसत नाही. मुलाची आवड आणि स्मरणशक्ती दिसली, तर पूर्ण वेळ हिफ्ज करून घेणाऱ्या मदरशाचा विचार करावा. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा येथे १९७९ मध्ये स्थापन झालेली जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही मोठी संस्था आपल्याच भागात आहे. ‘दोन वर्षांत घरबसल्या हाफिज’ अशा जाहिरातींना भुलू नये. नाजिरा कच्चा असताना सुरू केलेला हिफ्ज चुकांसह पाठ होतो, आणि पाठ झालेली चूक काढणे नवे शिकवण्यापेक्षा फार अवघड असते.

३. समजावण्याची भाषा आणि मसलक (पंथ) आधी विचारा

जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील उर्दू शाळांत जाणाऱ्या मुलांना उर्दूतून शिकवणारे शिक्षक सहज चालतात. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाचे तसे नाही. ‘हर्फ को मोटा पढो’ किंवा ‘नाक में आवाज ले जाओ’ एवढे त्याला कळते, पण वजूचे फर्ज (अनिवार्य भाग) आणि सुन्नत (पैगंबरांच्या रीतीचे भाग) यांतील फरक त्याला त्याच्या भाषेत समजवावा लागतो. म्हणून वर्ग ठरवण्यापूर्वी शिक्षकांना सरळ विचारावे की मसला (धर्माचा नियम) मराठीतून किंवा सोप्या हिंदीतून सांगता येईल का. आमच्या भागात काही आपा अहिराणीतूनही गोष्टी सांगतात, आणि पैगंबरांच्या सीरतमधील (चरित्रातील) प्रसंग मुलांच्या मनावर ठसतात ते अशाच वेळी.

परदेशातील शिक्षकांबाबत थोडे सविस्तर सांगतो. इजिप्तमधील अनेक शिक्षक ऑनलाइन उपलब्ध असतात आणि त्यांचे उच्चार बहुधा उत्कृष्ट असतात. मात्र ते अरबी किंवा इंग्रजीतून बोलतात, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाला चूक कुठे झाली ते समजत नाही. दुसरी अडचण वेळेची आहे. इजिप्तने २०२३पासून उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत पुन्हा सुरू केली आहे. त्यामुळे कैरोतील एकाच वेळेचा वर्ग हिवाळ्यात आपल्याकडे साडेपाचला असेल, तर एप्रिलअखेर तो साडेचारला येतो आणि ऑक्टोबरअखेर पुन्हा साडेपाचला जातो. ही गोष्ट माहीत नसेल तर वर्ग चुकतो आणि फी मात्र वाया जाते. मूल दहा-अकरा वर्षांचे झाले, कायदा पक्का झाला आणि तजवीद (कुरआनच्या शुद्ध उच्चाराची पद्धत) सुधारायची असेल, तेव्हा असे शिक्षक फार उपयोगी ठरतात.

फिक्हचा, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरेचा, प्रश्नही संकोच न करता विचारावा. खानदेशातील बहुसंख्य सुन्नी कुटुंबे हनफी आहेत, तर कोकणातील मुस्लिम मुख्यतः शाफई आहेत. शिक्षक कोकणातील असतील, तर नमाजमध्ये रुकूच्या (कमरेत वाकण्याच्या) वेळी हात उचलणे किंवा फज्रमध्ये (पहाटेच्या नमाजमध्ये) कुनूत ही दुआ पढणे यांसारख्या गोष्टी ते आपल्या पद्धतीने शिकवतील. दोन्ही पद्धती आदरणीय आहेत, पण वडील एक करतात आणि उस्ताद दुसरे सांगतात हे पाहून लहान मूल गोंधळते. देवबंदी, बरेलवी आणि अहले हदीस घरांनाही हेच लागू आहे. दाऊदी बोहरा कुटुंबांनी त्यांच्या जमातीच्या आमिल साहेबांना (स्थानिक धार्मिक प्रमुखांना) विचारूनच वर्ग निवडावा, कारण त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था वेगळी आहे.

४. शिक्षकाची पारख करा

जाहिरातीपेक्षा ओळखीवर विश्वास ठेवावा. तुमच्या मशिदीच्या इमाम साहेबांना, नात्यातील एखाद्या हाफिजांना किंवा आधी वर्ग लावलेल्या पालकांना विचारावे. नाव मिळाल्यावर शिक्षकांनी कोठे शिक्षण घेतले, हिफ्ज किंवा आलिमचा (धर्मशास्त्राच्या पंडिताचा) अभ्यासक्रम पूर्ण केला आहे का, तजवीद कोणाकडे शिकली आणि लहान मुलांना शिकवण्याचा अनुभव किती आहे, हे अदबीने विचारावे. चांगले उस्ताद या प्रश्नांनी रागावत नाहीत. सनद (प्रमाणपत्र) असणे चांगलेच आहे, परंतु मोठा आलिम लहान मुलांचा चांगला शिक्षक असेलच असे नाही. आलिम साहेबांपेक्षा शांत स्वभावाची, तजवीद पक्की असलेली एखादी आपा सहा वर्षांच्या मुलासाठी अनेकदा अधिक योग्य ठरते.

आता सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिक्षकांचे ऐकणे. मराठी बोलणाऱ्या मुलांच्या काही चुका ठरलेल्या असतात. से, सीन आणि साद ही तिन्ही अक्षरे ती एकाच ‘स’ने वाचतात. जाल, जे, जाद आणि जोय या चारही अक्षरांचा ती ‘ज’ करतात. ऐन हे अक्षर घशाच्या मध्यातून येते, पण मुले ते साध्या ‘अ’सारखे म्हणतात, आणि मोठी हे व छोटी हे यांत फरक करत नाहीत. ‘फे’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागायला हवेत, पण फळातला ‘फ’ म्हणण्याच्या सवयीने मुले दोन्ही ओठ मिटतात. जे शिक्षक यातील चुका पकडून मुलाला थांबवतात, आपले तोंड कॅमेऱ्याजवळ आणून जिभेची जागा दाखवतात आणि अक्षर पुन्हा म्हणून घेतात, ते खरे शिकवत आहेत. प्रत्येक ओळीनंतर फक्त ‘माशाअल्लाह’ म्हणून पुढे नेणाऱ्या शिक्षकांकडे मूल खूश राहते, पाने भराभर उलटतात आणि वाचन मात्र कच्चे राहते.

अर्थ बदलणारी मोठी चूक आणि सौंदर्यात उणीव आणणारी बारीक चूक यांत तजवीदचे जाणकार फरक करतात. पहिलीला लहने जली आणि दुसरीला लहने खफी म्हणतात. लहान वयात पहिल्या प्रकारच्या चुका काढल्या, तरी खूप झाले. सहा वर्षांच्या मुलाला गुन्ना आणि इख्फाचे (नाकातून आवाज काढण्याचे) नियम पाठ करायला लावणारे शिक्षक अतिउत्साही असतात. नियमांची नावे नंतर येतात, या वयात कानाला योग्य आवाजाची सवय लागली पाहिजे.

५. चाचणी वर्ग शेजारी बसून ऐका

बहुतेक शिक्षक एक-दोन वर्ग विनामूल्य घेतात. त्या वर्गांत पूर्ण वेळ शेजारी बसावे, पण मध्ये बोलू नये आणि मुलाला उत्तर सुचवू नये. या गोष्टी लक्षात घ्याव्यात : वर्गातील किती वेळ मूल स्वतः वाचत होते, किती वेळ शिक्षक बोलत होते, चूक झाली तेव्हा त्यांचा आवाज चढला का, आणि मूल कंटाळल्यावर त्यांनी काय केले. वीस मिनिटांच्या वर्गात मुलाच्या तोंडून दहा मिनिटेही अरबी निघाली नाही, तर तो वर्ग पाहण्यासाठी आहे, शिकण्यासाठी नाही.

गटात शिकवण्याबद्दल विशेष सावध राहावे. मकतबमध्ये सगळी मुले एका सुरात म्हणतात आणि लाजरे मूलही त्या सुरात शिकते. इंटरनेटवर आवाज थोडा उशिरा पोचतो, म्हणून सुरात म्हणणे जमतच नाही आणि शिक्षकांना बाकीच्या मुलांचे माइक बंद ठेवावे लागतात. आठ मुलांच्या अर्ध्या तासाच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटेही येत नाहीत. दीनियात, सीरत आणि दुआ यांसाठी गट चालतो. कायदा आणि नाजिऱ्यासाठी एकट्याचा, फार तर भावंडांचा मिळून वर्ग लावावा.

६. साहित्य आणि कागदपत्रे

पुढील वस्तू वर्ग सुरू होण्यापूर्वी घरात असाव्यात.

- छापील कायदा आणि पुढे वेगळा छापलेला अम्मा पारा. शिक्षकांकडे जी आवृत्ती असेल तीच घ्यावी, म्हणजे ‘तिसरी ओळ’ म्हटल्यावर दोघांपुढे तीच ओळ असते.
- रेहल (पुस्तक ठेवण्याचा घडीचा स्टँड). त्याने कायदा आणि मुलाची पाठ दोन्ही सरळ राहतात.
- मोबाइलचा स्टँड. मुलाचे तोंड आणि ओठ दिसतील एवढ्या उंचीवर तो ठेवावा.
- माइक असलेला वायरचा हेडफोन. लहान मुलांच्या कानांत बसणारे इअरफोन टाळावेत आणि आवाज कमी ठेवावा.
- सबकची वही. तिच्यात तारीख, पान, ओळ आणि चुकलेली अक्षरे लिहावीत.

छपाईच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते. आपल्याकडचे पारे भारतीय उपखंडातील लिपीवळणात छापलेले असतात, तर अनेक मोबाइल ॲपमध्ये मदिना येथील ६०४ पानी प्रतीची छपाई असते. वाचन तेच आहे, कारण दोन्ही हफ्सच्या रिवायतप्रमाणे (वाचनपरंपरेप्रमाणे) आहेत, पण जज्म, मद आणि हम्जा दाखवण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. नुकतेच वाचायला लागलेले मूल एका छपाईवरून दुसरीवर गेले की अडखळते. नाजिरा पूर्ण होईपर्यंत एकाच वळणाची प्रत ठेवावी.

याहून मोठा धोका देवनागरीत लिहिलेल्या सूरांचा आहे. मराठी शाळेतील मुलाला ते सोपे वाटते आणि पालकही पाठांतर लवकर होते म्हणून आनंदतात. परंतु साद आणि सीन, ऐन आणि अलिफ, जाल आणि जोय यांतील फरक देवनागरीत उतरत नाही, आणि एकदा देवनागरीची सवय लागली की मूल अरबी अक्षरांकडे पाहतच नाही. अर्थ मात्र मराठीतून जरूर वाचून दाखवावा. कुरआनचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत.

कागदपत्रांची गरज जवळपास नसते. एकट्या शिक्षकांना मुलाचे नाव, वय, शाळेची इयत्ता आणि पालकांचा फोन क्रमांक एवढे पुरे. संस्थेने प्रवेशासाठी वयाचा पुरावा मागितला, तर जन्मदाखल्याची प्रत द्यावी. आधारच द्यावे लागले, तर शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेले ‘मास्क्ड’ आधार डाउनलोड करून द्यावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. म्हणून मुलाचे फोटो किंवा वाचनाचे व्हिडिओ जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगी फॉर्ममध्ये मागितली असेल, तर ती नाकारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

७. रेंज, वीज आणि आवाज

गूगल मीटवर दोघांचा वर्ग दीर्घ काळ विनामूल्य चालतो, तर झूमच्या विनामूल्य खात्यात चाळीस मिनिटांनी वर्ग तुटतो. लहान मुलांसाठी चाळीस मिनिटे तशीही जास्तच आहेत, त्यामुळे शिक्षकांना जे सोयीचे असेल ते निवडावे. पाठीमागचा आवाज दाबणारी सोय काही वेळा मुलाचा बारीक आवाजही गिळते. शिक्षकांना अक्षरे तुटक ऐकू येत असतील, तर ती सोय बंद करून पंखा आणि टीव्ही बंद असलेल्या खोलीत बसावे. मे महिन्यातील जळगावच्या उन्हात पंखा बंद ठेवणे अशक्य आहे, म्हणून त्या दिवसांत फज्रनंतरचा वर्ग सर्वांत चांगला.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रेंज टिकत नाही आणि वीजही जाते. अशा वेळी वर्ग सोडून देऊ नये. व्हिडिओ बंद करून फक्त आवाजावर वर्ग घेतला, तर डेटा फार कमी लागतो. तेही जमत नसेल तर व्हॉट्सॲपच्या आवाजी संदेशांचा मार्ग आहे. शिक्षक सकाळी सबक स्वतःच्या आवाजात पाठवतात, मूल दिवसभरात तो ऐकून सराव करते, संध्याकाळी आपले वाचन रेकॉर्ड करते, आणि रेंज मिळेल तेथे पालक ते पाठवतात. शिक्षक ऐकून चुका सांगतात. आठवड्यातून दोन दिवस समोरासमोर वर्ग आणि बाकीचे दिवस असे संदेश, ही पद्धत मला दुर्गम गावांसाठी सर्वांत उपयुक्त वाटते. तिचा आणखी एक फायदा असा की मुलाला स्वतःचा आवाज पुन्हा ऐकता येतो.

सरावासाठी इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी आणि मुहम्मद सिद्दीक अल-मिन्शावी यांची शिकवण्यासाठी केलेली रेकॉर्डिंग फार चांगली आहेत. मिन्शावींच्या एका रेकॉर्डिंगमध्ये ते आयत म्हणतात आणि त्यांच्यामागून मुले ती म्हणतात. हे आधीच डाउनलोड करून ठेवावे. चालू इंटरनेटवर लावून मोबाइल मुलाच्या हाती दिला, तर पुढचा व्हिडिओ कोणता येईल याची खात्री नसते.

८. वेळ अशी ठरवा की ती मोडणार नाही

अस्र (दुपारनंतरची नमाज) ते मग्रिब (सूर्यास्तानंतरची नमाज) ही मकतबची पारंपरिक वेळ आहे. ऑनलाइन वर्गासाठी तीच घेतली, तर ऋतूप्रमाणे ती सरकते हे ध्यानात ठेवावे. जळगाव परिसरात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सातनंतर. ‘साडेसहाचा वर्ग’ उन्हाळ्यात मग्रिबपूर्वी येतो आणि हिवाळ्यात मग्रिबनंतर. त्यामुळे वर्षात दोनदा शिक्षकांशी वेळ ठरवून घ्यावी.

आठवड्यातून दोनदा एक-एक तासापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटे केव्हाही चांगली. रमजानमध्ये बरेच हाफिज तरावीह (रात्रीची खास नमाज) पढवतात आणि संध्याकाळी त्यांना दौर (पाठांतराची उजळणी) करावा लागतो, म्हणून त्या महिन्याची वेळ आधीच्या शाबान महिन्यातच विचारून घ्यावी. केळीच्या किंवा कापसाच्या हंगामात आईवडील दोघेही शेतात असतील, तर वर्ग अशा वेळी ठेवावा की आजी, आजोबा किंवा मोठे भावंड शेजारी बसू शकेल. शाळा आणि गृहपाठ यांच्या वेळेवर अरबीचा वर्ग येऊ देऊ नये. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे शालेय शिक्षण हा त्याचा कायदेशीर हक्क आहे.

९. वर्ग चालू असताना घरच्या मोठ्यांचे काम

तुम्हाला स्वतःला अरबी वाचता येत नसेल, तरी हे काम तुम्ही करू शकता. मुलाचे बोट शिक्षक सांगतात त्याच अक्षरावर आहे का, ते पाहावे. शिक्षकांनी कोणत्या अक्षराला थांबवले, ते वहीत खूण करून ठेवावे. वर्ग संपल्यावर तेवढीच अक्षरे मुलाकडून पाच मिनिटे म्हणून घ्यावीत. दुसऱ्या दिवशी वर्गापूर्वी कालचा सबक एकदा ऐकावा. अनेक आया मुलाबरोबर बसून स्वतः कायदा शिकल्या आहेत, आणि ज्या घरात आईही वाचू लागते तेथे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

वर्गापूर्वी मुलाला वजू करायला लावावी, डोक्यावर टोपी किंवा ओढणी असावी, आणि अंथरुणात लोळत वर्ग होऊ नये. मोबाइलचे इतर संदेश बंद ठेवावेत. अँड्रॉइड फोनमध्ये एकच ॲप उघडे राहील अशी ‘पिन’ करण्याची सोय असते, ती वापरावी. वर्ग संपताच मोबाइल परत घ्यावा. ‘नीट पढलास तर नंतर गेम खेळायला देईन’ असा सौदा कधीही करू नये, कारण मग मूल सबकची नव्हे तर सबक संपण्याची वाट पाहते.

मुलाला सबक येत नसेल तर मारू नये, आणि दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करू नये. कायद्याच्या एकाच तख्तीवर (धड्यावर) महिनाभर थांबावे लागले, तरी थांबावे. पाने किती झाली हे नातेवाइकांना सांगण्यासाठी मुलाला पुढे ढकलणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

१०. सुरक्षितता

ओळखीचे असोत वा परके, सर्व शिक्षकांसाठी घरात एकच नियम ठेवावा. वर्ग बैठकीच्या खोलीत, दार उघडे ठेवून आणि मोठ्या माणसाच्या कानावर पडेल असाच होईल. वर्गाची लिंक आणि सर्व संदेश पालकांच्या क्रमांकावर येतील, मुलाला वेगळा क्रमांक किंवा खाते नसेल. वर्गाबाहेर शिक्षक मुलाशी थेट बोलणार नाहीत. हा नियम पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावा. जबाबदार शिक्षक स्वतःच तो पाळतात.

मुलाला हेही समजावून सांगावे की उस्तादांचा अदब करायचा, पण कोणी काही लपवून ठेवायला सांगितले किंवा त्याला विचित्र वाटेल असे बोलले, तर ते आईला किंवा वडिलांना लगेच सांगायचे. तसे काही घडल्यास ‘बदनामी होईल’ म्हणून गप्प बसू नये. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे, आणि लहान मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२चा पॉक्सो कायदा ऑनलाइन कृत्यांनाही लागू होतो. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली, तर १९३० क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

११. फी

महिन्याची फी महिन्यालाच द्यावी. वर्षाची एकदम भरल्यास मोठी सवलत देणाऱ्या योजना टाळाव्यात, कारण मुलाचे आणि शिक्षकांचे जमले नाही तर पैसे परत मिळणे कठीण असते. सुटलेले वर्ग कसे भरून काढणार, रमजान आणि ईदची सुट्टी किती, वर्ग बंद करायचा असल्यास किती दिवस आधी सांगायचे, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे. शिष्यवृत्ती किंवा फी परत देण्याच्या नावाखाली कोणी यूपीआय पिन टाकायला सांगितले, तर ती फसवणूक आहे. पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही.

फी ठरवताना अतिशय घासाघीस करू नये. जे उस्ताद रोज आपल्या मुलाचे एकेक अक्षर ऐकतात, त्यांचे पोट त्यावर असते. खरोखर ऐपत नसेल तर मोकळेपणाने सांगावे. अनेक शिक्षक फी कमी करतात आणि दोन भावंडांना एकत्रही घेतात.

१२. तीन महिन्यांनी वाचन दुसऱ्या जाणकाराला ऐकवा

वर्ग सुरू होऊन तीन महिने झाले की मुलाला मशिदीच्या इमाम साहेबांकडे किंवा ओळखीच्या हाफिजांकडे घेऊन जावे आणि आधी शिकलेल्या पानांपैकी कोणतेही पान वाचायला लावावे. कालचाच सबक देऊ नये, कारण तो मुलाला तोंडपाठ असतो आणि अक्षरे न पाहताही ते म्हणते. मधली एखादी ओळ किंवा सुटा शब्द दाखवून वाचता येते का, ते पाहावे. चुका निघाल्या तर त्या वहीत लिहून शिक्षकांना कळवाव्यात. त्यात त्यांचा अपमान नाही, आणि चांगले शिक्षक पुढच्याच वर्गापासून त्या चुकांवर काम सुरू करतात.

आणखी दोन महिन्यांनीही त्याच चुका राहिल्या, तर शिक्षक बदलावेत. बदलताना जुन्या शिक्षकांचे आभार मानून, मूल कोणत्या पानावर आहे, कोणत्या सूरा पक्क्या आहेत आणि कोणती अक्षरे अजून कच्ची आहेत, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे आणि सबकच्या वहीसह नव्या शिक्षकांना द्यावे. नवे शिक्षक बहुधा कायद्याची काही पाने पुन्हा घेतात. त्यात वेळ गेला असे समजू नये, मात्र सगळे पहिल्या पानापासून सुरू करण्याचे कारण त्यांना जरूर विचारावे.

नाजिऱ्यात मूल स्वतः ओळ वाचू लागले की ऑनलाइन वर्गाचे दिवस हळूहळू कमी करून घरातील तिलावत (कुरआनचे वाचन) वाढवावी. आठवड्यात दोन दिवस उस्तादांना ऐकवणे आणि रोज फज्रनंतर किंवा मग्रिबनंतर घरातील मोठ्यांबरोबर अर्धे पान पढणे, हे वेळापत्रक शाळकरी मुलाला वर्षानुवर्षे निभावता येते.